घरातले पाचवे शील : मुलांना व्यसनापासून कसे राखावे?

उपासक-उपासिकांनो,

पौर्णिमेला आणि रविवारच्या वंदनेला आपण विहारात जमतो. त्रिशरण आणि पंचशील ग्रहण करतो. आपली मुले शेजारी हात जोडून बसलेली असतात. पाचवे शील म्हणताना त्यांचा कोवळा आवाजही आपल्या आवाजात मिसळतो. वंदना संपते, आपण घरी येतो. जेवण झाल्यावर वडील मुलाच्या हातावर नोट ठेवतात आणि म्हणतात, "जा रे बाळा, टपरीवरून एक पुडी घेऊन ये. उरलेल्या पैशांची तुला गोळी घे." मुलगा आनंदाने पळत जातो. वडील तंबाखू मळतात, चुना लावतात, बार भरतात. मुलगा समोर बसून गोळी चघळत हे सारे पाहत असतो.

त्या दिवशी मुलाला दोन धडे मिळाले. एक विहारात कानांनी ऐकला, दुसरा घरात डोळ्यांनी पाहिला. यातला कोणता त्याच्या मनात राहील, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

आपली मुले दारू, तंबाखू, गांजा आणि आता शहरांत मिळणाऱ्या नव्या नशांपासून कशी दूर राहतील, हा या पाठाचा विषय आहे. पाठ मुलांविषयी असला तरी तो वाचायचा आहे आईबापांनी, आणि सुरुवातही त्यांच्यापासूनच करायची आहे.

शील म्हणजे शिकण्याचा नेम

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना दिली. त्या वेळी त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. जुने देव घरातून काढणे आणि जुन्या सवयी काढणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच दिवशी आपल्यावर सोपवली. पहिले काम बहुतेक घरांनी केले. दुसरे अनेक घरांत अजून अर्धे राहिले आहे.

पंचशीलातल्या प्रत्येक शीलाच्या शेवटी 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नेम. वरून कोणी हुकूम दिला आहे आणि तो मोडला की शिक्षा होईल, असा याचा अर्थ नाही. मी हा नेम समजून-उमजून स्वीकारतो आणि रोज त्याचा सराव करतो, असा याचा अर्थ आहे. ज्याचा नेम चुकला त्याने पुन्हा तो घ्यावा आणि पुन्हा चालू लागावे. हा अर्थ नीट लक्षात ठेवा. घसरलेल्या मुलाला परत उभे करताना त्याचा फार उपयोग होतो.

पाचव्या शीलात आणखी एक शब्द आहे, 'पमादट्ठान'. प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण. नशेचा मूळ दोष भगवान बुद्धांनी या एका शब्दात दाखवला आहे. नशेत माणसाचे भान जाते. भान गेले की उरलेली चार शीले सांभाळणारा कोणी राहत नाही. हात उगारला जातो, खोटे बोलले जाते, घरातले भांडे विकले जाते. म्हणून पाचवे शील हे बाकीच्या चौघांचे दार आहे असे समजा.

सिगालाला दिलेला उपदेश

दीघ निकायात सिगालोवाद सुत्त आहे. सिगाल हा गृहस्थाचा मुलगा. गृहस्थाने कसे वागावे हे तथागतांनी त्याला सांगितले. त्यात मद्यपानाचे सहा तोटे मोजले आहेत : डोळ्यांदेखत धनाचा नाश, भांडणांची वाढ, रोगांना आमंत्रण, बदनामी, लाजलज्जेचा लोप आणि बुद्धीची दुर्बलता. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी घेऊन आपल्या वस्तीत एक चक्कर मारा. सहापैकी एकही तोटा खोडावा लागणार नाही.

त्याच सुत्तात आईबापांनी मुलांसाठी करायच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. मुलांना पापापासून रोखावे, चांगल्या कामाला लावावे, एखादी विद्या किंवा कला शिकवावी, योग्य स्थळी विवाह करून द्यावा आणि योग्य वेळी वारसा हाती द्यावा. क्रम पाहा. रोखणे पहिले आहे, पण ते एकटे नाही. त्याच्या लगेच मागे चांगल्या कामाला लावणे आहे आणि मग विद्या आहे. आपण पुष्कळदा पहिल्याच पायरीवर थांबतो. "टपरीवर दिसलास तर तंगडी मोडीन," एवढे बोललो की आपले कर्तव्य संपले असे वाटते. पण संध्याकाळी पाच ते आठ या वेळात त्या मुलाने कुठे जावे, काय करावे, कोणाबरोबर बसावे? त्याला खेळायला मैदान नाही, वाचायला जागा नाही, घरात बोलायला माणूस नाही, आणि टपरीवर मात्र त्याला कोणीतरी "ये रे भावा" म्हणते. तेव्हा तो कुठे जाईल?

वारशाचा विचारही करा. आपल्यापैकी अनेकांकडे मुलांना द्यायला शेत नाही, बंगला नाही. निर्व्यसनी घर हा वारसा मात्र कोणालाही देता येतो. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते. दारूला त्या घरात थारा नव्हता आणि अभ्यासाची शिस्त होती. त्या वारशातून काय उभे राहिले हे आपण जाणतो.

घराची झडती

प्रथम आपल्या घराची झडती घ्यावी.

मुलाला तंबाखू, बिडी, सिगारेट किंवा दारू आणायला पाठवणे आजपासून बंद करा. हा या पाठातला सर्वांत सोपा आणि सर्वांत मोलाचा नेम आहे. ज्या टपरीवर मूल वडिलांसाठी उभे राहते, तिथे चार वर्षांनी ते स्वतःसाठी उभे राहायला संकोचत नाही.

मायबहिणींनो, मिसरी ही दात घासण्याची पूड आहे असे आपण मानतो. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यात निकोटीन असते, म्हणून तर सकाळी ती लावल्याशिवाय करमत नाही. आईला मिसरी लावताना पाहून लहान मुलगी बोटावर घेते, आणि सवय लागते तेव्हा तिला 'व्यसन' या शब्दाचा अर्थही ठाऊक नसतो.

"नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही," असे म्हणून मुलांना सुपारीची पुडी घेऊ देणारी घरे आहेत. सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. सतत सुपारी, गुटखा, मावा किंवा खर्रा खाणाऱ्याच्या गालांची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. हाताची तीन बोटे उभी धरून मुलाच्या तोंडात जातात का पाहा. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा पंधरा दिवसांत बरा होत नसेल, तर दाताच्या डॉक्टरांना किंवा सरकारी दवाखान्यात लगेच दाखवा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तो चोरून विकला जातो, म्हणून बंदीवर विसंबून राहू नका.

आता एक कडू गोष्ट. हळदीच्या रात्री आपल्या मांडवामागे बाटल्या उघडतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन नाचणाऱ्या पोरांपैकी काहींच्या तोंडाला वास येतो. किती मुलांनी आपला पहिला घोट याच दोन प्रसंगी घेतला असेल याचा मनाशी विचार करा. ज्या महामानवाने दारू सोडण्याची प्रतिज्ञा दिली, त्यांच्याच जयंतीला कोणा पोराने पहिला प्याला घ्यावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. वर्गणी देताना तरुणांना प्रेमाने पण स्पष्ट विचारा, "बाळांनो, या पैशांचा हिशेब विहारात लावाल ना?" हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. तो देण्याची सवयही मुलांना लागली पाहिजे.

एखाद्या वडिलांना वाटेल, "मीच पितो, मी कोणत्या तोंडाने सांगू?" त्यांनी गप्प बसू नये. मुलाला जवळ बसवून खरे सांगावे : "मी ही सवय लावून घेतली आणि आता सोडायला मला जड जाते आहे. मी प्रयत्न करतो आहे. तू या वाटेला येऊ नकोस." खोट्या प्रतिष्ठेपेक्षा अशी कबुली मुलाच्या मनाला जास्त भिडते. पण सांगून झाल्यावर प्रयत्न खरोखर दिसला पाहिजे. जे पुष्कळ वर्षे रोज भरपूर पितात त्यांनी मात्र एका दिवसात एकट्याने दारू तोडू नये. अशा माणसाला कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो आणि जिवालाही धोका संभवतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडावी.

लहान वयातच धोका का?

मेंदूचा जो भाग मोह आवरतो आणि पुढचा विचार करतो, तो सर्वांत शेवटी, साधारण पंचविशीपर्यंत पक्का होतो. गंमत आणि थरार हवासा वाटणारा भाग त्याच्या आधीच जोरात चालू झालेला असतो. म्हणून पंधरा वर्षांचा हुशार मुलगाही मित्रांच्या घोळक्यात मूर्खासारखे करून बसतो. याच वयात नशा मेंदूवर लवकर पकड घेते, आणि जितक्या लहान वयात सुरुवात तितकी पुढे व्यसन जडण्याची शक्यता अधिक. याचा अर्थ असा की मुलाची पंधरा ते एकवीस ही वर्षे निभावून नेली तर अर्धी लढाई जिंकली.

आपल्या देशात २०१९ साली शाळांमधून झालेल्या पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या शंभर विद्यार्थ्यांमागे आठ-नऊ जण तंबाखू वापरताना आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सुमारे पाच. तेव्हा "आमचा तसा नाही" असे म्हणून डोळे मिटू नका, आणि प्रत्येक मुलाकडे चोरासारखेही पाहू नका.

राहुलाचा आरसा

मग मुलांशी बोलायचे कसे? याचा नमुना तथागतांनीच घालून दिला आहे. मज्झिम निकायात राहुलाला दिलेला एक उपदेश आहे. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असे परंपरा सांगते. भगवंतांनी त्याला रागे भरले नाही, मोठे प्रवचनही दिले नाही. पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी उरवले, ते दाखवले, मग ते फेकून दिले, भांडे पालथे केले, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे जीवन कसे रिकामे होते हे समजावले. मग विचारले की आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक काम करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे : याने माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित होते का? होत असेल तर करू नये, करीत असल्यास थांबावे, आणि करून झाले असेल तर गुरूजवळ किंवा जाणत्या सोबत्याजवळ ते उघड करावे आणि पुढे जपावे.

आईबापांनो, यातले शेवटचे वाक्य दोनदा वाचा. राहुलाला चूक उघड करायला जागा होती. आपल्या मुलाला आहे का? मुलाने येऊन सांगितले, "आई, मित्रांनी आग्रह केला, मी एक झुरका घेतला," आणि आपण त्याला लाटण्याने मारले, तर पुढच्या वेळी तो झुरका घेणार नाही याची खात्री नाही. पुढच्या वेळी तो सांगणार नाही, याची मात्र पूर्ण खात्री आहे. सांगणारे मूल आपल्या हातात असते. लपवणारे मूल हळूहळू दुसऱ्याच्या हातात जाते.

म्हणून मुलाच्या वयाप्रमाणे बोला.

सहा ते दहा वर्षांच्या मुलाला नशेची वर्णने नकोत. तुझे शरीर तुझे आहे, आईबाबांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी दिलेली गोळी, पूड, पेय तोंडात घालायचे नाही, एवढे शिकवा. व्हाइटनर, पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, थिनर हुंगायचे नाही हेही याच वयात सांगा. अशा वाफांनी निरोगी मुलाचे हृदयही एकाएकी बंद पडू शकते.

अकरा ते चौदा या वयात नकार देण्याचा सराव घ्या. घरात नाटक करावे. दादा मित्र बनेल आणि म्हणेल, "घे रे, घाबरट!" धाकट्याने उत्तर द्यावे, "मला नको. मी खेळायला चाललो." उत्तर छोटे असावे, वाद घालू नये आणि तिथून निघावे. तोंडात तयार असलेले वाक्य वेळेवर बाहेर येते.

पंधरा वर्षांपुढच्या मुलामुलींना कारणे सांगा आणि त्यांचेही ऐका. एमडी म्हणून जी पूड शहरांत विकली जाते ती मेफेड्रोन आहे. तिचा समावेश २०१५ साली अमली पदार्थविरोधी कायद्यात झाला. ती 'परीक्षेसाठी जागे ठेवते' असे सांगणारा माणूस गिऱ्हाईक शोधत असतो. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. हे सारे मुलांना बाहेर अर्धवट कळतेच. ते पुरते कळावे घरातून.

आणि मुलींना या बोलण्यातून वगळू नका. १९२७ साली महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी स्वच्छ राहण्याचा आणि मुलींनाही शिकवण्याचा उपदेश केला होता. धम्म दोघांसाठी आहे, तसा धोकाही दोघांना आहे.

शंका आली तर

घरातले पैसे कमी होणे, झोपेची वेळ बदलणे, डोळे लाल असणे, कपड्यांना वास, अभ्यासात अचानक घसरण, जुने मित्र सुटून नवे मित्र घरी न येणे, विनाकारण चिडणे, या खुणा आहेत. पण यातल्या काही खुणा वाढत्या वयाच्या, तर काही मनातल्या दुःखाच्याही असतात. शाळेत कोणी जातीवरून टोचून बोलले, परीक्षेत नापास झाला, आईबापांची रोज भांडणे होतात, अशा वेळीही मूल असेच वागते. म्हणून आधी विचारा. मुलगा शुद्धीत असताना, घरात पाहुणे नसताना, शांतपणे म्हणा, "बाळा, महिनाभर तुझे काहीतरी बिनसले आहे असे मला वाटते. काय झाले ते सांग. मी रागावणार नाही." आणि खरोखरच रागावू नका.

नशा करतो हे नक्की झाले तर तीन चुका टाळा. मारझोड करू नका. घराबाहेर काढू नका. आणि समाजाच्या लाजेपोटी झाकून ठेवू नका. 'लग्न लावून दिले की सुधारेल' हा तर दुसऱ्याच्या मुलीवर केलेला अन्याय आहे. अंगारा, ताईत, भगत यांच्याकडे परत जाऊ नका. त्या वाटेवरून आपण निघून आलो आहोत. व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. तेव्हापासून पुष्कळ माणसे तिथून बरी होऊन घरी परतली आहेत. सरकारी जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो. व्यसनमुक्तीविषयी सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे, आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८.

उपचारानंतर मुलगा पुन्हा घसरला तर निराश होऊ नका. व्यसनातून बाहेर येणारे बरेच जण एकदोनदा घसरतात. तेव्हा सिक्खापदाचा अर्थ त्याला सांगा : नेम चुकला, पुन्हा घे. विहारात त्याला शेवटच्या रांगेत बसवू नका.

वस्तीचे काम

एकट्या घराने हे साधत नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे हा गुन्हा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महिला मंडळाने टपरीवाल्याला आधी समजावून सांगावे. तोही आपल्यासारखा पोटासाठी बसलेला असतो. ऐकले नाही तर मुख्याध्यापकांच्या सहीने पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

विहार रोज संध्याकाळी दोन तास उघडा ठेवा. दिवा, सतरंजी, चार पुस्तके, एक कॅरम आणि पाळीने बसणारा एक मोठा माणूस, एवढे पुरे आहे. पाच ते आठ या वेळेचे उत्तर विहारात सापडले तर टपरीची ओढ आपोआप कमी होईल.

या पंधरवड्याचा अभ्यास

एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र जेवावे आणि पुढील प्रश्नांवर बोलावे. मुलांना आधी बोलू द्यावे.

१. पाचव्या शीलातील 'पमाद' म्हणजे काय? आपल्या घरात तो कुठे दिसतो?
२. सिगालोवाद सुत्तातील मद्यपानाचे सहा तोटे सांगा.
३. आईबापांच्या पाच कर्तव्यांपैकी आपल्याकडून कोणते राहून जाते?
४. तुझ्या हातून चूक झाली तर घरात सर्वांत आधी तू कोणाला सांगशील?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. मूल आपले नाव घेते की नाही, यावरून आपल्याला किती काम बाकी आहे ते कळेल. नाव घेतले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. उद्या त्याला पुडी आणायला पाठवू नका, स्वतःही जाऊ नका, आणि तो वेळ त्याच्याजवळ बसा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!